अडीच इंच

बाबांचा चाकू माझ्याकडे आला तेव्हा
पातं अडीच इंच उरलं होतं.
मुळात किती होतं ते त्यांनाही आठवत नव्हतं.
अक्कलकोट रोडच्या शेडमध्ये जॉबर होते ते,
बत्तीस मागांचे वैद्य.
सूत गुरफटलं की खिशात हात,
अंगठ्याने टक्,
आणि ताण्याचा एकही धागा न दुखावता
गुंता तेवढा बाहेर.
त्याच चाकूने पेरू,
त्यानेच माझ्या पेन्सिलीला टोक.
पेन्सिलीला कायम मागाच्या तेलाचा वास.
गणित अडलं की मी पेन्सिल हुंगायचे.

विणून झालेली चादर मात्र कात्रीनेच कापायची.
का, असं विचारलं तर तेलुगूत काहीतरी पुटपुटायचे,
आईला हसू यायचं.
मला तेवढं तेलुगू कधी आलंच नाही.

वैशाखी पौर्णिमेला नान्नजच्या माळावर
पाणवठ्याशी मोजणी होती.
लपणात आम्ही तिघं:
मी, बँकेतला मुदस्सर बागवान,
आणि वनमजूर गुरुसिद्ध.
मुदस्सरने दोन हप्त्यांत घेतलेलं मल्टिटूल काढलं,
चांदण्यात एकेक पान उघडून दाखवलं.
पक्कड, करवत, कानस, कात्री,
डबा फोडायचं, बाटली उघडायचं,
चौदा कामं.
एक आम्हाला ओळखू येईना.
तो म्हणाला, माशाचे खवले काढायला.
नान्नजला? गुरुसिद्धने विचारलं.
त्याच्याकडे कोयता होता. एक.

जेवायला बसलो.
कडक भाकरी मुठीत मोडते,
शेंगाचटणीला बोटं पुरतात,
कांदा गुरुसिद्धने बुक्कीने फोडला.
पंधरा पाती
खिशात मुकाट बसून राहिली.

दोनच्या सुमाराला लांडगा आला.
पाण्याला तोंड लावण्याआधी त्याने
सरळ आमच्याकडे पाहिलं.
माझा हात आपोआप खिशात गेला.
अडीच इंच!
त्याला दाखवणार होते की काय मी?
तो प्याला, निथळत्या जबड्याने वळला,
गवतात गवतासारखा झाला.
मुदस्सरने तक्त्यावर आकडा लिहिला,
एकाचा सात झाला, हात इतका कापत होता.

उजाडताना टिटवी ओरडायला लागली
आणि थांबेचना.
बोरीच्या झुडपात पाय अडकला होता,
पायाला सूत,
जांभळं, चमकदार, आमच्याकडचं सूत.
शेडबाहेरचं वेस्ट वाऱ्यावर कुठवर जातं
ते मला त्या दिवशी कळलं.
गुरुसिद्धने टॉवेल टाकून तिला धरलं.
मी चाकू उघडला. टक्.
बाबांचं सगळं कसब आता माझ्या बोटांत येईल
असं वाटलं मला, खरंच वाटलं.
पातं पायापेक्षा रुंद.
टिटवीचा पाय म्हणजे काय,
भिजलेली काडेपेटीची काडी.
दोनदा टेकवलं, दोनदा उचललं.

कात्री दे, मी म्हणाले.
मुदस्सरने ती उघडली,
पण माझ्या हातात दिली नाही.
खाली, मातीवर ठेवली.
धारेची वस्तू हातात देऊ नये, भांडण होतं.
हे त्याच्या आईनेही शिकवलं होतं तर!
नखाएवढी कात्री,
पाच वेळा कचकच.
टिटवी उडाली ती आम्हाला शिव्या देतच.

मुदस्सर काही बोलला नाही.
बोलला असता तरी चाललं असतं.
मग त्याने चाकूकडे बोट केलं,
बघू?
मी तोही मातीवर ठेवला.
त्याने उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
हा किती कामं करतो?
एकच, मी म्हणाले.
आणि ते करणारे
सध्या घरी टीव्हीपुढे झोपलेले असतात.

तक्ता भरला:
लांडगा एक, काळवीट सात, खोकड दोन.
टिटवी मोजायची की नाही यावर थोडा वाद झाला.
जांभळं सूत मी खिशात घातलं.

घरी आल्यावर
कपाच्या बुडावर पातं घासत बसले,
कापायचं काही नसताना.
आतून बाबांनी आवाज ओळखला,
तिरका धर, म्हणाले.
तिरका धरला.
आता अडीचला
केसभर कमी.